झाडाच्या बदलीं झाड

एका ठिकाणीं केलेली हानि दुसऱ्या ठिकाणीं केलेल्या हितानें भरून निघते काय, हा प्रश्न नीतिशास्त्रांत नवा नाहीं. परंतु आपल्या काळांत त्याला एक निराळेंच रूप आलें आहे. पूर्वीं तो व्यक्तीच्या पापपुण्यापुरता विचारला जाई. आतां तो कायद्यांत, मंत्रालयाच्या आज्ञापत्रांत आणि मोठमोठ्या बांधकामांच्या अहवालांत उतरला आहे, आणि त्याचें उत्तर होकारार्थीच आहे असें धरून चालून हे अहवाल लिहिले जातात. या गृहीताची तपासणी करावी असा आमचा हेतु आहे. आणि त्या कामीं चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांइतकी योग्य भूमि महाराष्ट्रांत दुसरी नाहीं असें आम्हांस वाटतें.

उदाहरण विमानतळाचें घेऊं. नवी मुंबईच्या विमानतळास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें २२ नोव्हेंबर २०१० रोजीं मंजुरी दिली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन झालें, आणि त्याच वर्षीं नाताळाच्या दिवशीं तेथून प्रवासी विमानें उडूं लागलीं. सुमारें ११६० हेक्टरांच्या या जागेसाठीं उलव्याची टेकडी कापून काढावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला, दहा गांवें उठवावीं लागलीं, आणि खाडीकांठचीं तिवरें गेलीं. मंजुरीबरोबर ज्या अटी घालण्यांत आल्या त्यांत तिवरांची नवी लागवड करण्याचीहि अट होती. येथवरचा हिशेब निदान समजण्यासारखा आहे. खाडीचें तिवर गेलें तर खाडीलाच तिवर परत मिळावें, यांत कांहीं न्याय आहे.

पण हा हिशेब नेहमींच इतक्या जवळच्या जवळ राहत नाहीं. वर्सोवा-भाईंदर किनारी रस्त्यासाठीं सुमारें ४५ हजार तिवरें तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयानें डिसेंबर २०२५ मध्यें अनुमति दिली. तिवरांची कांहीं लागवड किनाऱ्यावरहि व्हावयाची आहे, हें सांगणें न्यायाचें होईल. परंतु गेलेल्या वनजमिनीच्या बदल्यांत जें सुमारें १०३ हेक्टरांचें वन उभें करावयाचें आहे, तें चंद्रपूर जिल्ह्यांत. म्हणजे जेथें समुद्राची भरती कोणीं कधीं पाहिली नाहीं अशा मुलखांत. हें कोणा अधिकाऱ्याचें वैचित्र्य नव्हे. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानें वनजमीन दुसऱ्या कामास देणें केंद्राच्या अनुमतीवर सोंपविलें. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयांत १९९५ पासून चाललेल्या गोदावर्मन प्रकरणांतून वनाची 'निव्वळ वर्तमान किंमत' ठरवून ती वसूल करण्याची पद्धति आली. आणि २०१६ सालीं या पैशाच्या निधीसाठीं स्वतंत्र कायदा झाला. जो वनजमीन घेतो त्यानें तितकीच वनेतर जमीन द्यावी, किंवा जेथें तशी सवलत आहे तेथें दुप्पट उजाड वनावर लागवडीचा खर्च सोसावा, आणि वर किंमत भरावी, असा हा व्यवहार आहे. ज्या जिल्ह्यांत जमीन मिळते तेथें वन लागतें, मग मूळ वन कोठलेंहि असो.

या व्यवहाराच्या मुळाशीं असलेली विचारसरणी इंग्रजी विद्या शिकलेल्या आमच्यासारख्यांस परिचित आहे. बेंथॅमनें सुखदुःखांची बेरीज-वजाबाकी करावयास शिकविलें. त्या बेरजेंत सुख कोणाचें आणि दुःख कोणाचें हें गौण. एकूण शिल्लक वाढली म्हणजे झालें. वर्सोव्याच्या कोळ्याचें नुकसान आणि वरोऱ्याकडील रोपाची वाढ या दोन गोष्टी एकाच वहींत मांडतां येतात त्या याच कारणानें. उलट कांटनें १७८५ च्या आपल्या ग्रंथांत असा भेद केला कीं, कांहीं वस्तूंना किंमत असते, आणि म्हणून त्यांच्या जागीं तेवढ्याच किंमतीची दुसरी वस्तु ठेवतां येते. जें सर्व किंमतींच्या वर आहे त्याच्या जागीं मात्र कांहींच ठेवतां येत नाहीं. कांट हें माणसाविषयीं बोलत होता, झाडाविषयीं नव्हे; आणि प्रत्येक झाडास माणसाची प्रतिष्ठा द्यावी असें आमचेंहि म्हणणें नाहीं. तसें म्हटलें तर शेतकऱ्यास बांधावरची बाभूळहि तोडतां यावयाची नाहीं. परंतु 'बदलीं ठेवतां येणें' ही जी कांटची कसोटी आहे ती झाडालाहि लावून पाहण्यासारखी आहे.

आपल्या धर्मशास्त्रानें येथें एक सूक्ष्म विवेक केला आहे. अपराधानंतर राजा देतो तो दंड, आणि अपराधी स्वतः पत्करतो तें प्रायश्चित्त. दोहोंतहि कृत्य वाईट होतें हें आधीं मान्य असतें, आणि प्रायश्चित्तांत तर पुनः तसें न करण्याचा संकल्पहि अध्याहृत असतो. आतां जो मनुष्य कृत्य करण्यापूर्वींच ठरलेली रक्कम भरून परवाना घेतो, त्याचें देणें दंडहि नव्हे आणि प्रायश्चित्तहि नव्हे. तें शुल्क होय. शुल्क भरणाऱ्यास खंत वाटण्याचें कारण नसतें, आणि तीच रक्कम पुनः भरून तो तेंच कृत्य पुनः करूं शकतो. शुल्क घेऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. शुल्काला 'भरपाई' म्हणूं नये, एवढेंच म्हणतों. कारण त्या शब्दानें हानि झालीच नाहीं असा भास उत्पन्न होतो.

हाच भास विमानतळांच्या हिशेबांतहि आढळतो. कोचीचा विमानतळ ऑगस्ट २०१५ मध्यें सर्वस्वीं सौर विजेवर चालणारा जगांतील पहिला विमानतळ ठरला, आणि ती गोष्ट खरोखरच स्पृहणीय आहे. तरी रात्रीं सूर्य नसतो. दिवसा जादा झालेली वीज सार्वजनिक तारांत सोडावयाची आणि रात्रीं तेथूनच घ्यावयाची, अशी ही देवघेव आहे. युरोपांतील विमानतळांच्या संघटनेनें २००९ पासून कर्बविषयक प्रमाणपत्रें देण्यास आरंभ केला. पुढें तीं जगभर पसरलीं. त्यांतील 'तटस्थते'ची पायरी मुख्यतः विमानतळाच्या स्वतःच्या ताब्यांतील दिवे, वाहनें, यंत्रें यांना अनुलक्षून आहे. विमान आकाशांत जें इंधन जाळतें तें विमान कंपनीच्या खातीं. कारभाराच्या दृष्टीनें ही वांटणी अप्रामाणिक नाहीं. ज्याच्या हातीं जें आहे त्याचाच जाब त्याला विचारावा हें ठीकच. पण प्रवाशानें तटस्थतेची पाटी वाचून आपलें उड्डाणहि तटस्थ झालें असें समजावें, हें त्या वांटणींतून निघत नाहीं.

सार्वजनिक तारांत वीज कोठून येते, हें विचारीत गेल्यास महाराष्ट्रांत आपण चंद्रपुरास पोंचतों. तेथील औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचें असून राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचें तें सर्वांत मोठें केंद्र आहे. कोळसा तेथला, इरई नदीचें पाणी तेथलें, राख तेथेंच राहते. दिवा मात्र इतरत्र लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं अतिप्रदूषित ठरविलेल्या क्षेत्रांत चंद्रपूर होतें. २०२२ च्या फेब्रुवारींत याच केंद्राच्या आवारांत वाघानें एका कामगाराचा बळी घेतला; अरण्य आणि धुराडें तेथें इतकीं लगत आहेत.

अशा चंद्रपूरच्या माणसानें आम्हांलाहि विमानतळ हवा म्हटलें, तर त्याला काय उत्तर द्यावयाचें? हा प्रश्न आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. मोरवा येथें एक धावपट्टी आहे, पण तिच्या विस्ताराच्या आड औष्णिक केंद्राचीं धुराडीं आलीं. म्हणून राजुरा तालुक्यांत मूर्ती-विहीरगांवच्या बाजूस नव्या विमानतळाचा विचार झाला. तेथें वनजमीन होती, आणि ती वाघांच्या येण्याजाण्याच्या मार्गांत पडते या आक्षेपानें मंजुरी अडली. मुंबईकरानें दोन दोन विमानतळ बांधावे, आणि ज्याच्या कोळशावर त्याचे दिवे लागतात त्याला वाघाचें कारण सांगून बसवून ठेवावें, हें ऐकावयास बरें वाटत नाहीं. मागणीमागील न्याय आम्हांस पूर्ण मान्य आहे.

परंतु मागणी न्याय्य असली म्हणजे जागाहि न्याय्य होते असें नाहीं. ताडोब्याचा वाघ दक्षिणेस निघाला म्हणजे कन्हाळगांवच्या अभयारण्याकडे आणि पुढें तेलंगणांतील कवलच्या अरण्याकडे जातो. ही वाट आहे. वाटेचें मोल तिच्या लांबीरुंदींत किंवा तिच्यावरील झाडांच्या संख्येंत नसतें. ती कोणत्या दोन ठिकाणांना जोडते यांत असतें. आमच्या गांवचा पूल पाडून कोणीं दुसऱ्या तालुक्यांत त्याहून उंच पूल बांधून दिला, तर त्याला आम्ही भरपाई म्हणूं काय? झाडाच्या बदलीं झाड देतां येईल. वाटेच्या बदलीं वाट, तीं दोन टोकें तशींच राहिल्याखेरीज, देतां येत नाहीं. तिवराचेंहि तसेंच आहे. भरतीचा जोर अडविणें, माशांच्या पिलांना आसरा देणें हें त्याचें काम ज्या कांठावर आहे त्याच कांठावर होतें. वरोऱ्याच्या काळ्या मातींत लावलेला साग कितीहि फोफावला तरी तें काम त्याला करतां यावयाचें नाहीं. कांटची कसोटी येथें झाडाला लागते ती त्याच्या प्रतिष्ठेमुळें नव्हे, त्याच्या जागेमुळें.

आणखी एक पक्ष या व्यवहारांत असतो, आणि तो सहसा कागदावर येत नाहीं. पर्यायी वनासाठीं जी जमीन दाखविली जाते ती नकाशांत रिकामी असते. जंगलपट्टींत रिकामी जमीन म्हणजे कोणाचें तरी गायरान, कोणाच्या तरी मोहाच्या फुलांची आणि तेंदूच्या पानांची जागा. तिच्यावर कुंपण पडलें म्हणजे किनाऱ्यावरील रस्त्याचें मोल, ज्यानें तो रस्ता पाहिलाहि नाहीं, तो देतो.

याच्या उलट टोकाचें एक उदाहरण गडचिरोलींतच आहे. धानोरा तालुक्यांतील मेंढा या गोंडांच्या लहानशा गांवास २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं देण्यास एप्रिल २०११ मध्यें स्वतः केंद्रीय मंत्री जयराम रमेश आले होते. नवी मुंबईच्या विमानतळास पांच महिन्यांपूर्वीं मंजुरी दिली होती ती याच मंत्र्यांनीं. एकाच हाताच्या या दोन सह्यांत आम्हांस विसंगति दिसत नाहीं, फरक दिसतो. मेंढ्याची ग्रामसभाहि बांबू तोडते आणि विकते; तिनें जंगलाला देवघर करून ठेवलेलें नाहीं. पण तेथें तोडणारा, तोट्याचा धनी आणि निर्णय करणारा एकच आहे, आणि निर्णय बहुमतानें न होतां सर्वांच्या संमतीनें होतो. त्यामुळें लाभ एकाकडे आणि झीज दुसऱ्याकडे अशी वांटणीच तेथें होऊं शकत नाहीं.

एवढ्या मोठ्या विमानतळाचा निर्णय एका गांवाच्या पारावर होणें नाहीं, हें उघड आहे. तरी वही दोन प्रकारें लिहितां येते. एकींत हानि आणि लागवड समोरासमोर मांडून वजाबाकी करतात आणि शेवटीं शून्य लिहितात. दुसरींत दोन्ही रकमा लिहावयाच्या, पण वजाबाकी करावयाची नाहीं: इतकीं तिवरें या खाडींतून गेलीं, तीं परत येणार नाहींत, इतकें वन त्या तालुक्यांत लावलें, त्यासाठीं अमक्या गांवचें गायरान घेतलें, त्या गांवानें होकार दिला किंवा दिला नाहीं. मंजुरी देणाऱ्यानें मग त्या पहिल्या ओळीखालीं सही करावी. कित्येक वेळां तो करीलहि, आणि कित्येक वेळां तें योग्यहि असेल. मूर्तीच्या जागेवर मात्र अशी ओळ लिहावयास बसल्यास तींत वाघांची वाट तुटली असें लिहावें लागेल, आणि तिच्यासमोर मांडावयास दुसरी रक्कमच सांपडणार नाहीं. तेव्हां विमानतळ हवाच असेल तर तो कोठें हवा, हा प्रश्न राजुऱ्याच्या नकाशावर नव्यानें पाहावा लागेल.