बिनतिकिटाचा किनारा
मराठी माणूस ब्रायटनला जातो तो बहुधा एका गीताचं बोट धरून. सागराला उद्देशून लिहिलेलं सावरकरांचं ते गीत 1909 साली याच किनाऱ्यावर जन्मलं. ते मनात घोळवत मी समुद्रावर उतरलो आणि पहिलीच पंचाईत झाली: पायाखाली वाळू नव्हती. तपकिरी-करड्या गोट्यांचा नुसता खच. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत रुततं, चाल बिघडते. लाट मागे सरली की तिच्याबरोबर हजारो गोटे एकमेकांवर घासत खाली घरंगळतात आणि जात्यासारखी घरघर ऐकू येते. पाणी ऐन उन्हाळ्यातही अंगावर काटा आणणारं. अशा किनाऱ्यावर पावणेतीनशे वर्षं लोक हौसेनं येतात, ते कशासाठी?

आधी ते औषधासाठी आले. रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरानं 1750 मध्ये समुद्राच्या पाण्याचे गुण सांगणारा लॅटिन ग्रंथ लिहिला. हे पाणी अंगावर घ्या आणि पोटातही घ्या, असा त्याचा सल्ला होता. कोळ्यांच्या पडक्या गावात श्रीमंत रोगी येऊ लागले. घोडा जुंपलेल्या चाकांच्या खोलीतून त्यांना पाण्यात नेत आणि धट्ट्याकट्ट्या बायका त्यांना धरून बुचकळून काढत. पुढे याच धंद्यात पाटण्यात जन्मलेला दीन महोमेद उतरला. त्यानं इथं वाफेच्या स्नानाचं आणि मालिशचं दुकान थाटलं, ते इतकं चाललं की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्याला आपला मालिशतज्ज्ञ नेमलं.

हा जॉर्ज युवराज असताना 1783 मध्ये प्रथम इथं आला. वडिलांच्या धाकापासून दूर मौजमजा करायला त्याला गाव सोयीचं वाटलं. त्यानं बांधलेल्या रॉयल पॅव्हेलियनला 1815 नंतर जॉन नॅश या वास्तुविशारदानं आजचं रूप दिलं. बाहेरून मोगली घुमट आणि मिनार, आत चिनी ड्रॅगन. हिंदुस्थानात कधीही पाऊल न टाकलेल्या माणसानं रचलेला हा हिंदुस्थान पाहताना मला हसू आवरेना, पण नजरही हटेना.

गावाचं नशीब खऱ्या अर्थानं पालटलं ते 1841 मध्ये, लंडनहून रेल्वे आली तेव्हा. सुमारे 80 किलोमीटरचा प्रवास कारकून, शिंपी, कामगार यांच्या आवाक्यात आला. सकाळी यायचं, खाऱ्या वाऱ्यात हिंडायचं, रात्री परत. व्हिक्टोरिया राणीला ही गर्दी सोसवेना. तिनं राजवाड्याकडे पाठ फिरवली आणि 1850 मध्ये तो सुमारे 53 हजार पौंडांना गावानंच विकत घेतला. राजाचं खेळणं गावकऱ्यांच्या मालकीचं झालं! पुढची सगळी आकर्षणं या एक दिवसाच्या पाहुण्यासाठी उभी राहिली. किनाऱ्यालगत धावणारी फोल्कची छोटी विजेची गाडी 1883 ची, ती आजही चालते. समुद्रात लांबवर शिरलेले लोखंडी धक्के, म्हणजे पिअर, पाण्यावर फिरण्याची हौस भागवण्यासाठी बांधले. 1899 चा पॅलेस पिअर पाळण्यांनी, जुगाराच्या यंत्रांनी आणि तळणीच्या वासानं अजून गजबजलेला असतो. हातातल्या कागदातला बटाट्याचा तुकडा सीगल कधी पळवतो ते कळतही नाही. 1866 च्या वेस्ट पिअरचा मात्र जळका सांगाडा उरला आहे.

पहिल्या महायुद्धात पॅव्हेलियनमध्ये खरे हिंदुस्थानी आले: फ्रान्सच्या आघाडीवरचे जखमी शिपाई. झुंबरांखाली खाटा लागल्या. जातिधर्म सांभाळायला नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे वेगळे नळ. सरकारनं या आतिथ्याचे फोटो जगभर मिरवले. जे शिपाई वाचले नाहीत त्यांच्यापैकी 53 हिंदू आणि शीख जवानांचं दहन गावामागच्या टेकड्यांवर झालं. तिथं 1921 पासून संगमरवरी छत्री उभी आहे. पण त्याच गावातल्या किचनर रुग्णालयाभोवती काटेरी तार होती, पहारा होता. बरे होत आलेल्या शिपायांना मोकळेपणी गावात फिरायला बंदी होती. त्यांनी गोऱ्या बायकांशी बोलू नये, याची साहेबांना धास्ती.

ब्रायटनचा मोठेपणा मला त्याच्या मोकळ्या किनाऱ्यात वाटतो. इथं बसायला वंशावळ लागत नाही, पैसे लागत नाहीत. म्हणूनच 1909 मध्ये, ज्यांच्या मागावर इंग्रजांचे गुप्त पोलीस होते ते सावरकरही इथं कुणाला न विचारता बसू शकले. सहाच वर्षांनी, साम्राज्यासाठी रक्त सांडून आलेल्या शिपायांना मात्र तारेच्या आत राहावं लागलं. शत्रूला जे मिळालं ते आपल्या माणसाला नाकारलं गेलं, कारण शत्रू एक प्रवासी म्हणून आला होता आणि शिपाई प्रजा म्हणून. गाव पाहुण्याला किती सजून सामोरं जातं याचं मला आता फारसं अप्रूप उरलेलं नाही. त्याच्या किनाऱ्यावर कुणाला जाता येत नाही, हे मी आधी विचारतो.