समुद्रातून कुंभात

मराठीत ‘पाळणे’ हे क्रियापद दोन ठिकाणी वापरले जाते. आपण गाय पाळतो, पोपट पाळतो. आणि वचन पाळतो, व्रतही पाळतो. पहिल्या ठिकाणी दुसऱ्या जीवावर आपली सत्ता चालते, दुसऱ्या ठिकाणी आपणच कशाच्या तरी सत्तेखाली येतो. एकाच शब्दाने हे दोन्ही अर्थ पोटात घ्यावेत हा केवळ योगायोग, असे मी आजवर समजत होतो. गेल्या उन्हाळ्यात चिंचवडास एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी जे पाहिले, त्याने त्या समजुतीस धक्का बसला.

हा विद्यार्थी चाकणच्या एका कारखान्यात अभियंता आहे. त्याच्या दिवाणखान्यात सुमारे ३०० लिटरांची काचेची पेटी असून तीत खाऱ्या पाण्यात एकच मासा राहतो. निखाऱ्यासारखा तांबडा-नारिंगी, अंगावर काळे उभे पट्टे. शास्त्रज्ञ त्यास ‘सेंट्रोपिगी लोरिक्युला’ म्हणतात, व्यापारी ‘फ्लेम एंजल’. इंग्रजांनी या कुळास देवदूताचे नाव दिले. आपल्याकडे देवमासा म्हटले की भलतेच प्रचंड धूड डोळ्यांपुढे उभे राहते, आणि हा तर पुरा वाढला तरी चार इंचांच्या आसपास! मूळचा तो पॅसिफिक महासागरातील प्रवाळांचा रहिवासी.

त्याच्यासाठी सह्याद्रीच्या अलीकडे समुद्र निर्माण करावा लागतो. नळाने आलेले पवनेचे पाणी गाळून शुद्ध करावयाचे, त्यात सागरी क्षार मोजून घालावयाचे, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ ठेवावयाचे, आणि बाहेर वैशाखवणवा पेटला असता पाणी २५-२६ अंशांवर राखावयाचे. माशाच्या विसर्गातून निर्माण होणारा अमोनिया हे विषच. सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्या जंतूंची वसाहत जमण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर मासा आणता येत नाही. पाण्याची वाफ होते पण मीठ मागे उरते, म्हणून रोज गोडे पाणी घालावयाचे. या औद्योगिक पट्ट्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते. त्या दिवशी बॅटरीवर हवा चालू आहे की नाही, याची काळजी हा गृहस्थ कारखान्यात बसून वाहतो. जे समुद्र सहज करतो, ते एका मनुष्याने नित्यनेमाने करावयाचे! हे पाहून मी म्हणालो, “हे तर व्रतच आहे.” तो सुखावला.

त्याचे वडील मालवणाकडचे. मुलाने त्यांना दोन वर्षांपूर्वी इकडे आणले. औषध वेळेवर, जेवण वेळेवर, खोली स्वतंत्र. ते बराच वेळ पेटीसमोर बसून असतात. माझे बोलणे ऐकून ते शांतपणे म्हणाले, “ह्येका सगळा येळार गावता. पण ह्येका इचारल्यान कोणी?”

त्यावर कोणीच काही बोलले नाही.

घरी परतताना मला शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा आठवली. हात धुण्याच्या पाण्यात मनूला एक लहानसा मासा सापडतो आणि म्हणतो, ‘माझे रक्षण कर.’ मनू त्यास प्रथम कुंभात ठेवतो, तो वाढतो तेव्हा खड्ड्यात, आणि अखेर समुद्रात सोडतो. या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. मासा स्वतः आश्रय मागतो. आणि पालनाची दिशा कुंभाकडून समुद्राकडे आहे. आपल्या दिवाणखान्यातील कथेत मासा काही मागत नाही, आणि दिशा नेमकी उलटी आहे.

यावर कोणी म्हणेल की, समुद्र तरी कोठे सुरक्षित आहे? तेथे मोठा मासा लहानास गिळतो. आणि १९९८, २०१० व २०१६ साली आपल्या लक्षद्वीपचे प्रवाळही तापलेल्या पाण्याने पांढरे पडले. हे खरे आहे. परंतु सुरक्षितता हेच जीवनाचे सर्वस्व नव्हे. या जातीत सर्व मासे आरंभी मादी असतात. एका नराभोवती काही माद्या राहतात, आणि नर नाहीसा झाला की त्यांतील मोठी मादी नर होते. प्रवाळाच्या कपारीकपारींतून शेवाळ टिपत दिवस घालविणे आणि हा संसार करणे, एवढे त्याचे आयुष्य. पेटीत एकट्याने राहणाऱ्याच्या आयुष्यातील तो अध्याय कधी उघडतच नाही. शिवाय पेटीतील एक मासा आपणास दिसतो. वाटेत मेलेले दिसत नाहीत. फिलिपाइन्समध्ये तर १९६० नंतर सायनाइडने मासे गुंगवून पकडण्याची रीत या व्यापारात रूढ झाली.

मग आता त्यास सोडून द्यावे काय? पवनेत सोडला तर गोड्या पाण्याने तो मरेल. मालवणास सोडला तर तो परक्या समुद्रात पडेल, आणि आपण तेथील जीवांवर नवे संकट आणू. म्हणजे हे कृत्य परत फिरविता येत नाही. म्हणूनच दोन प्रश्न वेगळे ठेवणे अवश्य आहे. आणावे की नाही, हा एक. आणल्यावर कसे वागावे, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर उत्तम देणाऱ्यास वाटते की पहिल्याचेही उत्तर आपण देऊन टाकले. तसे होत नाही. काळजीने हक्क सिद्ध होत नाही. पण हक्क नव्हता म्हणून काळजीतून सुटकाही होत नाही. उलट ती अधिक कडक होते.

पुढे एका गुरुवारी विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. हवाई बेटांत या शतकाच्या आरंभापासून या कुळातील पिल्ले टाकीतच वाढविण्यात यश आले आहे. ती थोडी आणि महाग असतात. “सर, यापुढे आणला तर तसाच आणीन, नाहीतर पेटी रिकामी राहील,” तो म्हणाला. क्षणभर थांबून त्याने सांगितले, “आणि बाबांना मी विचारले.”

वडिलांनी काय उत्तर दिले, ते त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही. परंतु विचारले गेले, हे काही थोडे नव्हे. माशाला विचारण्याची सोय नाही. ज्यास विचारता येत नाही, त्याच्या बाबतीत तो प्रश्न आपणच आपणास आधी विचारावा, हे पाळणाऱ्याचे पहिले व्रत होय.