पोटाला बांधलेला मजकूर

कडेगावचा मोहरमचा ताबूत वरून खाली बांधत आणतात. आधी कळस, मग पाया. वरचा मजला उचलायचा, त्याखाली पुढचा जोडायचा. बांबू, सूत आणि रंगीत कागद यांच्या जिवावर तो शंभर फुटांच्या पुढे जातो. काही ताबूत हिंदू घराण्यांच्या मानाचे. बघायला आलेले पाहुणे ऐक्याचं कौतुक करतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परततात.

माझी नजर मात्र खालच्या गर्दीतल्या गळ्यांवर जाते. ‘एवढं पोरगं जगू दे, मोहरमात फकीर करीन’ हा नवस आपल्याकडे कुणबी-माळ्यांच्या घरांतही बोलला जायचा. मग त्या पोराच्या गळ्यात सुताचा नाडा यायचा. नाहीतर पिराचा ताईत. आत घडी घातलेला कागद, त्यावर अरबी अक्षरं किंवा आकड्यांचं कोष्टक. आईला मराठीसुद्धा वाचता येत नसे. पण ताईत फोडून बघायचा नसतो, हा पहिला नियम. लिहिणारा लिहितो, ते कुणी वाचू नये म्हणूनच. ही अक्षरं कातडीसाठी असतात.

लंडनच्या वेलकम संग्रहात पंधराव्या शतकाच्या अखेरची एक इंग्रजी गुंडाळी आहे. मेंढीच्या कातड्याच्या चार पट्ट्या जोडून केलेली, सव्वातीन मीटरांहून थोडी लांब आणि जेमतेम दहा सेंटिमीटर रुंद. पोथी म्हणून हे माप अगदीच गैरसोयीचं. बाळंत होणाऱ्या बाईच्या पोटाभोवती गुंडाळायला बरोबर. तीवर क्रूस, ख्रिस्ताच्या जखमा, संतांच्या प्रार्थना. चित्रं हातांनी घासून पुसट झालेली. २०२१ मध्ये सारा फिडिमेंट आणि सहकाऱ्यांनी तिच्या पृष्ठभागावरची प्रथिनं तपासली, तेव्हा मध, दूध, अंडी, डाळी यांचे आणि बाळंतपणातल्या स्रावांचेही अंश सापडले. बाळंतिणीला खाऊ-पिऊ घालतात तेच पदार्थ. ती गुंडाळी खरोखर नेसली गेली होती. हे तिच्यावरच्या अक्षरांनी नाही, डागांनी सांगितलं.

राजवाडाही या समजुतीतून सुटला नव्हता. डिसेंबर १५०२ मध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ ऑफ यॉर्कनं मेरीमातेचा कमरपट्टा घेऊन आलेल्या एका साधूला पैसे दिल्याची नोंद तिच्या खर्चाच्या वहीत आहे. फेब्रुवारी १५०३ मध्ये ती बाळंत झाली आणि नऊ दिवसांनी गेली.

आपल्याकडे एक पाऊल पुढे. काशाच्या थाळीत केशरानं चक्रव्यूह काढायचा, तो पाण्यानं धुवायचा आणि ते पाणी अडलेल्या बाईला पाजायचं, अशी कृती भारतीय तंत्रग्रंथांच्या हस्तलिखितांत मिळते. अभिमन्यू गर्भात असताना जे ऐकत होता, ते इथे पोटात जातं. वाटेचा नकाशाच प्यायला दिल्यासारखं. मला ही कल्पना आवडते. तिनं बाळंतपण सोपं होत असेल यावर मात्र माझा काडीचा विश्वास नाही.

आणि रामरक्षा? ती तर आपण तिन्हीसांजेला मोठ्यानं म्हणतो. पण नीट पाहा: डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावर रामाचं एकेक नाव बसवत ती जाते, शिंप्यानं अंगरखा बेतावा तशी. स्वतःला ‘वज्रपंजर’ म्हणवते. शिवाय हे कंठी धारण करणाऱ्याला सगळ्या सिद्धी हातात येतात, असं आश्वासन देते. कंठी म्हणजे कंठस्थ करून की गळ्यात बांधून? संस्कृतनं दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. पाठ येणाऱ्यानं पहिली घेतली, न येणाऱ्यानं दुसरी. पाठवाले स्वतःला सुशिक्षित समजतात, एवढाच फरक.

इंग्लंडमध्ये धर्मसुधारणा आली तेव्हा मठ मोडले गेले. त्यांच्याबरोबर असे कमरपट्टेही जप्त झाले, जळाले. आपल्याकडे अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला. तो ताईत जप्त करत नाही. साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. रेघ ओढली आहे ती दोऱ्यावर नाही, दवाखान्याच्या दारात.

एका प्रसूतिगृहात मी ही रेघ पाहिली. सलाईनची सुई लावताना दंडावरचा काळा दोरा मध्ये येत होता. नर्सनं कात्री उचलली, बाईकडे पाहिलं, कात्री ठेवली. मग दोरा दोन बोटं वर सरकवला आणि शीर शोधू लागली.