झीज आणि गंज

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याला जुनी, उघडी एमजीबी घ्यायची आहे. एक गाडी पाहून आल्यावर तो फोनवर खुशीत म्हणाला, "मामा, इंजिन मूळचंच आहे, आणि गाडी फारशी चाललेलीच नाही." ते शेवटचं वाक्य मला सलत राहिलं. न चालणं हा गाडीचा गुण कधीपासून झाला?

तेल गळतं का, धूर कसला येतो, हे कोणीही बघतो. ते १७९८ सीसीचं इंजिन दमलेलं निघालं तरी फार बिघडत नाही. १९६२ ते १९८० या काळात अॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांवर एमजीबी गाड्या बाहेर पडल्या. सुटे भाग आजही मिळतात. झीज वापराने येते आणि ती ऐकू येते, हाताला कळते. गंज उभ्या गाडीलाही सोडत नाही, आणि तो आतून खातो.

या गाडीला वेगळी चासी नाही, डोक्यावर पोलादी छप्पर नाही. त्यामुळे दारांखालच्या सिलवर मोठा भार येतो. हे सिल म्हणजे एकामागे एक जोडलेले पत्रे. हिवाळ्यात तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात. ते चाकांनी उडवलेल्या पाण्याबरोबर आत जाऊन बसतं. मग कुणीतरी कुजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा चढवतो, लांबी भरतो, रंग मारतो. म्हणून खिशात चुंबक हवं. लांबीचा थर जाड असला तर ते धरत नाही. त्यानंतर जॅक लावून गाडीची एक बाजू उचलायची आणि दाराच्या मागच्या कडेची फट बघायची. फट आवळली, दार अडकू लागलं, की समजावं, गाडी मधूनच वाकते आहे. ही परीक्षा मला फार आवडते, कारण तिच्यापुढे रंगाची चकाकी चालत नाही.

कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतून परत आणलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड उन्हाने तडकलेले असतात, पण पत्रा बरेचदा शाबूत असतो. असल्या कुरूप गाड्यांवर माझा जीव आहे.

इंजिनाचे क्रमांक जुळवत बसणाऱ्या संग्राहकांशी माझं म्हणूनच पटत नाही. इंजिन बदलता येतं. गाडी म्हणजे तिचा सांगाडा, असं मी ठासून सांगत आलो. पण १९८८पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी जुन्याच साच्यांवर एमजीबीचे पूर्ण नवे सांगाडे बनवू लागली. जुन्या गाडीचं सामान त्यात बसवलं, तर माझ्याच न्यायाने जुनी गाडी संपली म्हणायची. तसं म्हणायला मात्र मन तयार होत नाही. बिलासकट उघडपणे बदललेला सांगाडा मला लांबीने फुगवलेल्या मूळ सांगाड्यापेक्षा कितीतरी जवळचा वाटतो. मूळपणाचा आग्रह संग्राहकांचा होता तसा माझाही होता. फक्त मी तो इंजिनावरून पत्र्यावर नेला होता. आता तो सोडायला हवा.

भाच्याला मी एवढंच सांगितलं आहे: सिल कापून उघडं केलं तेव्हाचे, रंगाआधीचे फोटो माग. ते मिळाले आणि फट हलली नाही, तर इंजिन दुसऱ्या गाडीचं असलं तरी घे.