परदुःख आणि कर्मविचार

अनंतचतुर्दशी ही मराठी घरांत निरोपाची तिथी. इ. स. १९९३ साली ती २९ सप्टेंबरास आली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी व भोवतालच्या गावांतून गणपतीचे विसर्जन झाले, पुष्कळ मंडळी उशिरा परतून निजली, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारास काही मिनिटे उरली असता भूकंपाने घरे त्यांच्या अंगावर लोटली. लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. देवास निरोप देऊन आलेल्यांवरच हा प्रसंग का यावा, हा प्रश्न श्रद्धावंत मनास टोचल्यावाचून राहत नाही. आणि तो टोचावा हेच योग्य होय.

या प्रश्नास दोन सोपी उत्तरे मिळतात. एक म्हणते, हे पापाचे फळ; दुसरे म्हणते, देवधर्म सारा व्यर्थ. दोन्ही वरवर विरुद्ध दिसली तरी त्यांची मूळ समजूत एकच आहे : व्रत म्हणजे विम्याचा हप्ता, आणि देव म्हणजे त्याची भरपाई देणारा. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, लिस्बन शहर असेच कोसळले, तेव्हा युरोपातही हाच वाद माजला. आपल्याकडे १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपास गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाचे शासन म्हटले. अस्पृश्यतेचा निषेध करणाऱ्या रवींद्रनाथांनीच त्यावर जाहीर आक्षेप घेतला, आणि गांधीजींनी तो आपल्या पत्रात छापून उत्तर दिले. गांधीजी स्वतःसकट सर्व समाजाच्या पापाविषयी बोलत होते हे खरे. तथापि कोसळणारी भिंत स्पृश्यास्पृश्य पाहत नाही, मग जो पापाचा बळी त्यासच पापाचे शासन, हा न्याय कोणता?

किल्लारीकडील घरांच्या भिंती मातीत रचलेल्या जाड दगडांच्या, वर मातीचे जड माळवद. उन्हापासून व चोरापासून रक्षण व्हावे म्हणून कर्त्या माणसांनी ती बांधली. त्या प्रदेशास भूकंपाचे भय सर्वांत कमी, असे तोवर मानले जाई. मृत्यूचे कारण शोधायचे तर ते येथे आहे. आणि हे कारण जाणले तर पुढचे घर निराळे बांधता येते. पापाचे कारण सांगणारा मात्र फक्त मेलेल्याची अप्रतिष्ठा करतो.

मग कर्मसिद्धान्त टाकून द्यावा काय? आमच्या मते तो प्रथमपुरुषी सिद्धान्त आहे, तृतीयपुरुषी नव्हे. स्वतःवर दुःख आले असता ‘हे माझ्या कर्माचे’ म्हणणारा मनुष्य धीर धरतो व दुसऱ्यास दोष देत नाही. तेच वाक्य शेजाऱ्याच्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवून उच्चारले की ते क्रौर्य होते. गीता कर्तव्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मनुष्यास सांगितलेली आहे. दुसऱ्याच्या प्रेतापाशी निवाडा करणाऱ्यास नव्हे. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीची समाप्तीही निवाड्याने होत नाही. तेथील पसायदान दुष्टांचा नाश मागत नाही, त्यांची दुष्टता जावी असे म्हणते, आणि सर्व जीवांचे कल्याण इच्छिते.

कोणी विचारील, देव रक्षणही करीत नाही आणि शासनही करीत नाही, तर व्रताचे प्रयोजन काय उरले? आमचे उत्तर असे की, मनुष्यास घडविणे एवढेच उरले, आणि ते थोडे नव्हे. दहा दिवस अतिथीची सेवा करून त्यास हट्ट न धरता निरोप देणारे घर, प्रिय वस्तू सोडावी कशी, हे दर वर्षी शिकते. नांदेडास सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीला बसणाऱ्यास तो भुकेला का झाला हे कोणी विचारीत नाही, आधी वाढतात. धर्माचे दुःखास देण्याजोगे उत्तर हेच असे आम्हांस वाटते.

म्हणून त्या पहाटेनंतर ज्या घराने गणपती बसविणे सोडले असेल त्यास आम्ही नास्तिक म्हणणार नाही, आणि ज्याने ते चालू ठेवले त्यास भोळे म्हणणार नाही. दोघांचाही देवाशी काही हिशेब असेल. तो तपासण्याचा अधिकार आम्हां सुरक्षित घरांत निजलेल्यांस नाही.