उष्णता जाते कुठं?

गाडी उभी करा, इंजिन बंद करा. जागा सारंगखेड्याची धरू. दत्तजयंतीचे दिवस आहेत, तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा आहे आणि घोडेबाजार भरलाय. परराज्यांतून घोडे घेऊन आलेल्या ट्रकांच्या ओळीत एक जुना ट्रक तुमचा आहे, असं समजा. उतरायची घाई नको. इंजिन थांबलं तरी खालून टक्, टक् असा आवाज येत राहतो. तापलेलं लोखंड आकसतंय. आवाज थांबेपर्यंत नुसतं ऐका.

आता मनानंच गाडीखाली शिरा. हात लावू नका, फक्त जवळ न्या. सायलेन्सर लांबूनच चटका देतो. ब्रेकच्या ड्रमांतून धग येते. मधे गिअरबॉक्सचा बिडाचा खोका आहे. तोही तापलाय, पण बेतानं. तिथं थोडं थांबा आणि एवढंच विचारा: ही ऊब आली कुठून, आणि चाललीय कुठं?

जळलेल्या डिझेलमधला साधारण तिसरा हिस्सा कामाला येतो. बाकीचा धुरातून आणि रेडिएटरमधून हवेत जातो. जे कामाला आलं त्यातूनही गिअरबॉक्स आपली दलाली कापून घेतो. दाते एकमेकांवर घासतात, ऑइल घुसळलं जातं, आणि शंभर हॉर्सपॉवरमधले दोन-तीन तिथंच उष्णता होतात. घरातला गिझर अखंड चालू ठेवावा, तेवढी ही उष्णता. टाटा-मर्सिडीजचे ट्रक १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागले. त्या पिढीचा ट्रक हा हिशेब नुसत्या वाऱ्यावर भागवतो. दाते नव्वद नंबरचं ऑइल उडवतात, ऑइल भिंतीला लागतं, भिंत आपली धग वाऱ्याला देते. वेगळा कूलर नाही. तरी खोका वर्षानुवर्षं चालतो.

मग गिअरबॉक्ससाठी वेगळा कूलर लागतो कुणाला? जुन्या ऑटोमॅटिक गाडीला, तीही ओझं ओढणारी असेल तर. अमेरिकेत जुन्या पिकअपला मागं ट्रेलर जोडायचा म्हटलं की पहिली चर्चा याचीच. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामधे आपल्या ट्रकसारखी क्लच प्लेट नसते. समोरासमोर दोन पंखे असतात आणि मधे लाल, पातळ ऑइल. एक पंखा ऑइल फेकतो, त्या धारेनं दुसरा फिरतो. चढावर पहिला जोरात फिरतो, दुसरा मागं पडतो, आणि मधल्या फरकाची उष्णता होते. कधी शक्तीचा पाचवा हिस्सादेखील असा जातो.

त्या लाल ऑइलच्या एका थेंबामागं सावकाश चला. तो पंख्यांमधून तापून निघतो, नळीतून पुढं येतो, रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून फिरतो. पण भोवतीचं पाणीच नव्वद अंशांचं असेल, तर थेंब त्याच्या खाली उतरणार कसा? म्हणून बाहेरचा कूलर. रेडिएटरच्या पुढ्यात, पातळ ॲल्युमिनिअम पट्ट्यांची चौकट. इथं थेंबाला पाणी नाही, थेट वारा भेटतो. ऐंशी-नव्वद अंशांवर हे ऑइल सुखात असतं. त्याच्या वर मिस्त्रींचा ठोकताळा असा, की दर दहा-अकरा अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं. ते काळपट होतं, जळका वास मारतं, रबरी सील कडक पडतात. फार थंडही चालत नाही. डिसेंबरच्या पहाटे घट्ट ऑइल गिअर बदलायला कुरकुरतं. म्हणून ऑइल गरम होईपर्यंत कूलरला वळसा घालणारा बायपास व्हॉल्व्ह असलेला बरा.

आता मागं वळा. रेवाल चालीत पळून आलेला घोडा उभा आहे, खोगिराखाली पांढरा फेस. घोड्याच्या घामात लॅथेरिन नावाचं प्रथिन असतं. त्यामुळं घाम केसांतून पसरतो, फेसाळतो आणि चटकन वाळतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. वाळला तर. नुसता ओघळून मातीत पडला, तर त्याचा फारसा उपयोग नाही. उष्णता नाहीशी करता येत नाही, तिला फक्त वाट देता येते, आणि ती वाट शेवटी वाऱ्याशीच जाऊन मिळते. कूलरच्या पट्ट्यांत भुसा, चिखल, किडे अडकले की तिथं वारा शिरत नाही. मग कूलर कितीही महागाचा असो.

आणखी एक गोष्ट मनात घोळवा. कूलर उष्णता नेतो, पण ती का वाढली हे सांगत नाही. घसरणारा क्लच, कमी पडलेलं ऑइल, अर्ध्या क्लचवर गाडी रेटायची सवय यांवर कूलर हा इलाज नव्हे. उलट लक्षण झाकलं जातं आणि रोग आत चालू राहतो. वाट देण्याआधी उगम बघायचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा जुना टाटा घेऊन यात्रेला येणार असाल तर कूलरवर पैसे घालू नका. रेडिएटरची जाळी धुवा, गिअर ऑइलची पातळी बघा, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका. घोड्याची ट्रॉली जुन्या ऑटोमॅटिकला जोडणार असाल, तर मात्र आधी ऑइल बदला, मग कूलर बसवा. नळ्या सायलेन्सरपासून लांब बांधा, आणि पहिल्या प्रवासानंतर प्रत्येक जोड गळतोय का, ते बघा.