मागे धावणारा

दुसऱ्याच्या मागे धावून कंट्रोल गाठणं ही चोरी आहे का? ओरिएंटिअरिंगचे आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहेत: नकाशा आणि कंपास घेऊन वाट ज्याची त्याने शोधायची. म्हणूनच एकेकाला काही अंतराने सोडतात. पण झाडीत पंच नसतो.

गेला आठवडा वैतागाचाच. ऑफिस सुटायला रोज उशीर, त्यामुळे सराव सदाशिव पेठेतच: खुन्या मुरलीधर, नागनाथ पार, भिकारदास मारुती, फोन खिशात. जरा थांबलं की कुणीतरी न विचारता पत्ता सांगतं. (बरोबर असो वा चूक, आत्मविश्वास तोच.) रविवारी स्पर्धेत तिसऱ्या कंट्रोलला एकाने मला गाठलं. तो माझ्यानंतर सुटलेला, म्हणजे तिथवर माझ्याहून सरस, हे मान्य. पण नंतर तो मागेच राहिला. मी नकाशा पाहायला थांबलो की हा बुटाची नाडी बांधणार. शेवटच्या उतारावर पुढे गेला.

"टेकडी तुझ्या बापाची आहे का?" मित्र म्हणाला. नाही. आम्ही दिवसभर इतरांचा ओपन सोर्स कोड वापरतो, कुणाचं काही कमी होत नाही. पण तिथे चालणारा प्रोग्रॅम हवा असतो. इथे निर्णयच हवा असतो. वेळ हे त्याचं मोजमाप. मदतीचं वावडं नियमांनाही नाही: जखमी स्पर्धक दिसला तर थांबणं बंधनकारक आहे.

माझं त्याने काही नेलं नाही. त्याच्या पायांत दम होता. स्वतःच्या नकाशावर तो कितवा आला असता, हे मात्र त्या निकालपत्रात कुठेच नाही.